पाठीचे माप न घेता खोगीर नको

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली केंद्र सरकारने १९६५ मध्ये ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी नियम केले. बैलाने किती ओढायचे, गाढवावर किती लादायचे, याचे आकडे त्यात आहेत. त्याच नियमांत घोड्यावर खोगीर कसे चढवावे याचीही एक तरतूद आहे. मान संपून पाठ सुरू होते तिथला हाडांचा उंचवटा म्हणजे विदर्स. खोगिराची कमान त्यावर टेकता कामा नये, मध्ये पुरेशी मोकळी जागा हवी, असे ही तरतूद सांगते. नियमाला साठ वर्षे झाली. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीला रोज शेकडो पर्यटक घोड्यावर बसतात. त्यांच्यापैकी, किंवा त्यांच्याकडून पैसे घेणाऱ्यांपैकी, किती जणांना ही तरतूद ठाऊक आहे?

घोड्यावर बसायचे म्हटले की स्वाराची भीती, स्वाराचा तोल, स्वाराचे कपडे यांवर बोलणे होते. ज्या एका वस्तूमुळे दोघांची गाठ पडते तिच्याकडे कुणी पाहत नाही. घोडा विकत घेताना लोक त्याचे दात पाहतात, खूर उचलून पाहतात, भोवरे मोजतात आणि खोगीर मात्र दुकानात टांगलेले असेल ते उचलतात.

खोगिराच्या आत एक कडक सांगाडा असतो, त्याला ‘ट्री’ म्हणतात. लाकडाचा असो की प्लॅस्टिकचा, तो पाठीच्या आकाराला वाकत नाही. स्वाराचे वजन कण्यावर न पडता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरावे यासाठी त्याखाली भरलेल्या गाद्या असतात आणि मध्ये कण्यासाठी पन्हळ सोडलेली असते. ट्री अरुंद असेल तर तो विदर्सच्या दोन्ही बाजूंना चिमटा घेतो. रुंद असेल तर पुढून खाली बसतो आणि थेट हाडावर येतो. शिवाय घोड्याने पुढचा पाय टाकला की खांद्याचे फावडे वरच्या बाजूने मागे सरकते, त्याला जागा लागते. म्हणून खोगिराचा सांगाडा खांद्याच्या मागे बसला पाहिजे. मागची हद्दही ठरलेली आहे. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेला त्यांचा आधार नाही, तिथे वजन जाता कामा नये. एवढ्या मोजक्या जागेत खोगीर नीट बसवायचे, तर प्रत्येक घोड्याचे माप वेगळे घ्यावेच लागते.

चुकीचे खोगीर लपत नाही, पाहणाऱ्याला ते दिसते. काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या विदर्सशेजारी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर बहुतेकदा तिथे कधीतरी दाब पडून कातडी दुखावली होती असे समजावे. रपेटीनंतर खोगीर उतरवल्यावर पाठ सगळीकडे घामाने ओली आणि मध्येच एक चकती कोरडी असेल, तर तिथेही दाबाचा संशय घ्यावा. तंग आवळताना घोडा कान मागे पाडतो, चावायला वळतो, आणि लोक त्याला खोडकर ठरवतात! यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे खाली आणखी एक नमदा घालणे. पण खोगीर आधीच आवळत असेल तर हे घट्ट बुटात जाड मोजा घालण्यासारखे आहे.

खोगीर स्वारालाही बसले पाहिजे, ही काही चैन नव्हे. बैठक लहान पडली की स्वार मागच्या काठावर सरकतो आणि सगळा भार घोड्याच्या कमरेकडे जातो. बैठक फार मोठी असेल, रिकिबी चुकीच्या जागी असतील, तर त्याचे पाय पुढे जातात आणि तोल लगामाला लटकून सांभाळला जातो. त्याची किंमत घोड्याचे तोंड मोजते. मोठ्यांच्या खोगिरावर बसवलेल्या लहान मुलांचे नेमके हेच होते. ब्रिटनमध्ये पशुवैद्य स्यू डायसन यांच्या गटाने सहा घोडे आणि वेगवेगळ्या वजनांचे चार स्वार घेऊन एक चाचणी केली. जड स्वारांच्या सगळ्या फेऱ्या अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या, बहुतेक वेळा घोडा तात्पुरता लंगडू लागला म्हणून. नुसते वजन नव्हे, तर स्वार, घोडा आणि खोगीर हे तिन्ही एकमेकांना कसे बसतात ते पाहायला हवे, असा त्या अभ्यासाचा रोख होता. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठाने २००८ मध्ये आठ घोड्यांवर घेतलेल्या चाचणीत, घोड्याच्या वजनाच्या २५ ते ३० टक्के ओझे चढल्यावर स्नायू दुखावल्याची चिन्हे दिसली.

सैन्यांना हे फार महागात शिकावे लागले. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ब्रिटिशांनी तीन लाखांहून अधिक घोडे गमावले. उपासमार, रोग आणि लांबचा प्रवास ही मोठी कारणे. पण सोललेल्या पाठींमुळे निकामी झालेले घोडेही त्यांत होते. पुढे १९१२ च्या लष्करी खोगिराला फिरत्या लोखंडी कमानी आल्या, कारण मोहिमेत घोडा रोडावतो आणि कालचे खोगीर आज बसत नाही, हे तोवर उमगले होते. पर्यटनाचे घोडेही वर्षभर सारखे राहत नाहीत. मे महिन्यात त्यांना उसंत नसते, पावसाळ्यात काम आटते आणि पाठीचा घेर बदलतो.

न बसणाऱ्या खोगिरांचा सारा दोष घोडेवाल्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. त्यांचे पोट हंगामावर चालते; तासाभरात एकाच खोगिरावर पंचवीस किलोचे पोर आणि नव्वद किलोचा गृहस्थ बसतो. नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाते. त्यांना दंडाआधी मदत मिळायला हवी. कानपूर १८६० च्या दशकापासून खोगिरांचे गाव आहे, तिथल्या कामाला भौगोलिक मानांकन आहे आणि माल जगभर जातो. देशात एवढी कसबी माणसे असताना गिरिस्थानांवर खोगिरे तपासून देणारा एक कारागीर आणता येत नाही, हे पटणारे नाही. लोकर भरलेल्या गाद्या उसवून पुन्हा भरता येतात. दर वेळी नवे खोगीर घ्यावे लागत नाही. पाठीवर लवचीक पट्टी दाबून तिचा आकार कागदावर उतरवला की कारागिराला अर्धे माप मिळते.

नगरपरिषदांनी आणि पशुसंवर्धन खात्याने हंगामाच्या आधी व नंतर खोगिरे तपासण्याचे शिबिर भरवावे. परवाना देताना पशुवैद्याने घोड्याबरोबर त्याचे खोगीरही पाहावे, नमद्याशिवाय पाठीवर ठेवून. घोडेतळावर वजनकाटा ठेवावा. १९६५ च्या नियमांत तट्टाच्या पाठीवरील ओझ्याला ७० किलोची मर्यादा आहे. ती सामानासाठी लिहिलेली असली, तरी लहान चणीच्या घोड्यावर जड माणूस चढवताना ती आठवायला हरकत नाही. काट्यावरचा आकडा पाहून नाही म्हणण्याची मुभा घोडेवाल्याला मिळाली, तर त्याची मजुरी बुडू नये म्हणून एका फेरीचे किमान दर नगरपरिषदेने ठरवून द्यावेत. पर्यटकांनीही बसण्याआधी खोगीर उतरवून पाठ दाखवायला सांगावे. जखम दिसली तर चालत जावे, आणि घोड्याच्या विश्रांतीचे म्हणून फेरीचे पैसे तरीही द्यावेत.