लाळेची तपासणी येईल तेव्हा येईल!

गेल्या महिन्यात जिंतूर तालुक्यातले एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. वय चाळिशीचे. "डॉक्टरसाहेब, तिखट लागलं की तोंडाची आग होते, अन् भाकरीचा घास मोठा घेता येईना." बारा वर्षांपासून गुटख्याची पुडी खिशात. तोंड उघडायला सांगितले, तर दोन बोटेही आत जाईनात. आत एक पांढरा चट्टा. मी तुकडा काढून तपासू म्हणालो, तेव्हा कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणाला, "सर, आता लाळेतल्या मायक्रो-आरएनएवरून कॅन्सर कळतो म्हणे. ती तपासणी होईपर्यंत थांबू का?"

प्रश्न शहाणा होता. वाचकांपैकी अनेकांच्या मनात तो येईल, म्हणून आजचा लेख.

आपल्या पेशीत कोणते प्रथिन बनवायचे, याचा निरोप जनुकांकडून जातो. मायक्रो-आरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा इवलासा रेणू. तो त्या निरोपाला चिकटतो आणि प्रथिन कमी बनू देतो. शेतात दारे धरणारा गडी पाटाचे पाणी अडवतो, तसेच हे. १९९३ साली अमेरिकेतील व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रवकुन यांनी एक मिलिमीटरच्या कृमीत हा प्रकार दाखवला. त्याबद्दल त्यांना २०२४ चे नोबेल मिळाले.

या रेणूंपैकी २१ क्रमांकाचा रेणू तोंडाच्या कॅन्सरमध्ये वाढलेला आढळतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिनेच तो दाबतो. त्यामुळे शास्त्रज्ञांना दोन आशा वाटतात. रक्तात किंवा लाळेत तो मोजून रोग लवकर ओळखावा, आणि औषधाने त्यालाच अडवून रोग रोखावा.

आशा खरी आहे, पण वाट लांब आहे. हाच रेणू इतर कॅन्सरमध्ये आणि काही साध्या आजारांतही वाढतो. किती वाढला म्हणजे धोका, याचा सर्वमान्य आकडा अजून ठरलेला नाही. औषधाचे म्हणाल, तर या २१ क्रमांकाला अडवणारे एक औषध अल्पोर्ट नावाच्या मूत्रपिंडाच्या दुर्मिळ आजारात वापरून पाहिले. फायदा दिसेना म्हणून २०२२ मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की संशोधनाचे स्वागत करावे, पण त्याच्या भरवशावर आजची तपासणी टाळू नये. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसते तोंडात पाहून संशयितांना पुढे पाठवले. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी लागले काय? उजेड आणि पाहणारे डोळे! आपल्या परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील मुलांनी आठवडी बाजारात बसून लोकांची तोंडे तपासली, तर मोठे काम होईल.

राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुडी मिळतेच. सुपारीने तोंडाचे आतले अस्तर ताठर होते आणि पुढे त्यात कॅन्सर होऊ शकतो. वाचकहो, आज आरशासमोर उभे राहा. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील, पांढरा वा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

त्या गृहस्थांचा तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, पण त्याच्या उंबरठ्यावर ते होते. पुडी सुटली आहे. दर तीन महिन्यांनी या, असे बजावले आहे. मुलाला म्हणालो, "बाबा रे, लाळेची तपासणी निघेल तेव्हा पहिला मीच करीन. तोवर वडिलांचा खिसा तू तपासत जा."