विडीचे सूप आणि तपासनीस

16 ऑक्टोबर 1956 रोजी चांद्यात धम्मदीक्षा घेऊन आम्ही मेलेली ढोरे ओढणे सोडले. विडीचे सूप मात्र अनेक घरांत राहिले. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली कारखान्याचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. परंतु मायबहिणींच्या मांडीवरील सुपाला ना फाटक, ना भोंगा. मग तपासनीस तेथे फिरकणार कशाला? 1966 च्या विडी कायद्याने राहते घरही आस्थापनेत धरले होते. तरीही तंबाखूची धूळ आईच्या छातीत व कुशीतल्या लेकराच्या श्वासात जातच राहिली. ठेकेदाराच्या वहीत नाव नाही, म्हणून ती कामगारच नव्हे! (कारखानदारास हे सोयीचेच.) बंधुभगिनींनो, विड्या मोजून देताना वहीत स्वतःचे नाव लिहवून घ्या, आणि घरोघर आरोग्यतपासणी व्हावी असा सह्यांचा अर्ज चंद्रपूर-गडचिरोलीच्या कामगार कार्यालयांत येत्या पौर्णिमेपूर्वी द्या.