परवान्याच्या आडून वाटणी

समजा, एका पेठेत वडिलांनी थाटलेली पिठाची गिरणी आहे. वडील मृत्युपत्र न करता निवर्तले. थोरला मुलगा गिरणी चालवितो, धाकटा नोकरीनिमित्त परगावी असतो, बहीण सासरी. परवान्याची मुदत संपत आली म्हणून थोरला महापालिकेच्या विभाग कार्यालयात जातो, तेव्हा त्यास सांगण्यात येते की, सर्व सहमालकांचे ना हरकतपत्र आणा. धाकटा सही देत नाही. गिरणीशी त्याचे वैर नाही. जागेत हवा तो हिस्सा पदरात पडेपर्यंत भावाची कोंडी करावी, एवढाच हेतू. चित्र काल्पनिक आहे. अपरिचित खासच नाही.

हा परवाना मुळात कशासाठी असतो? मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातील कलम ३९४ काय किंवा इतर महापालिकांच्या १९४९ च्या अधिनियमातील कलम ३७६ काय, दोहोंचा रोख एकच आहे : जीवित, आरोग्य वा मालमत्ता यांस धोका, अथवा शेजाऱ्यांस उपद्रव होण्याचा संभव असलेल्या धंद्यांवर नियंत्रण ठेवणे. म्हणजे प्रश्न यंत्राचा, धुराचा, आगीचा. मालकी कोणाची, हे ठरविणे दिवाणी न्यायालयाचे काम आहे. असे असता नूतनीकरणाच्या टेबलावर सर्वांच्या सह्या मागितल्या जातात, त्या कारकुनाच्या भीतीपोटी. उद्या दुसरा भाऊ तक्रार घेऊन आला तर उत्तर त्यालाच द्यावे लागणार! त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु त्याच्या या सावधगिरीमुळे एका सहमालकाच्या हाती नकाराधिकार येतो आणि तो कोणत्याही कायद्याने त्यास दिलेला नसतो.

तथापि सही न देणारा प्रत्येक जण आडमुठाच असतो, असेही नव्हे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीस मुलाइतका वाटा दिला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तो २००५ च्या दुरुस्तीने देशभर मिळाला. प्रत्यक्षात परवाना, वीजबिल, करपावती हे सारे थोरल्याच्या नावे होत जाते आणि काही वर्षांनी तेच कागद मालकीचा पुरावा म्हणून पुढे केले जातात. बहिणीने सही करताना हात आखडता घेतला, तर तो तिचा व्यवहारीपणाच होय.

भागीदारीच्या दुकानांत गुंता आणखी वाढतो. विपरीत करार नसेल, तर १९३२ च्या कायद्यानुसार भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपुष्टात येते. शिवाय पेढीची नोंदणी केलेली नसली, तर चालू पेढीच्या करारातील हक्कासाठी सहभागीदाराविरुद्ध दावाही सहसा लावता येत नाही.

यावर तोडगा फार अवघड नाही. नवा परवाना किंवा धंद्याचा प्रकार बदलणे, यासाठी सर्वांची संमती मागणे रास्त आहे. परंतु तोच धंदा, तीच जागा, तेच यंत्र असेल, तर प्रत्यक्ष ताबा असणाऱ्याच्या अर्जावर नूतनीकरण व्हावे. परवान्यावर सर्व ज्ञात वारसांची नावे असावीत आणि त्याने मालकीहक्क सिद्ध होत नाही, असे ठळकपणे छापावे. हरकतदाराने धोक्याची तक्रार केल्यास निरीक्षकाने जागेवर जाऊन पाहावे. हिश्शाची तक्रार असल्यास त्यास न्यायालयाची वाट दाखवावी. न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते, प्रसंगी रिसीव्हरही नेमू शकते. तोवर गिरणीवरच्या दोन मजुरांचा रोजगार आणि पेठेतील घरोघरचे दळण अडवून धरण्याचे महापालिकेस कारण नाही.