आधी मोजा, मग पिळा!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा लंगडं आहे, चुका पोटात घाला. पण हा किस्सा मराठीतच सांगायला हवा, कारण त्या दिवशी बोलणीही मराठीतच बसली!

टेकडीवरच्या हॅम रिपीटरची पॉवर घटली होती. रिपीटर एकाच अँटेनावर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो. दोन फ्रिक्वेन्सींत अंतर फक्त 600 किलोहर्ट्‌झ. बोलणं स्वतःच्याच कानात जाऊ नये म्हणून मध्ये डुप्लेक्सर असतो. तो चांगला असला तरी दीडेक डीबी खातोच, म्हणजे 50 वॅटचे 35 होतात. आमचे उरत होते 12.

मी काय केलं? कॅव्हिटीचा ट्यूनिंग रॉड फिरवला. मीटर 16 वर गेला, मी खूश! मग काकांनी हँडसेटवरून हाक मारली, तर रिपीटर ठार बहिरा. रॉडबरोबर नॉचही सरकला होता आणि ट्रान्समीटरचा नॉइज थेट रिसीव्हरमध्ये घुसत होता.

रॉड खुणेवर परत आणून काकांनी अँटेनाऐवजी डमी लोड जोडला. तरी 12 च. म्हणजे अँटेना निर्दोष. मग साधा हिशेब: 50 वॅट आत गेले, 8 परत आले, 12 पुढे गेले. उरलेले 30? उष्णता! ट्रान्समीटर बंद करून त्यांनी एकेका जोडाला हात लावला. दोन कॅव्हिटींमधल्या केबलचा एक कनेक्टर चांगलाच तापला होता; आतली पिन काळी पडलेली. त्याच लांबीची नवी केबल लावली, 34 वॅट मिळाले. माझा पराक्रम निस्तरायला मात्र नेटवर्क अ‍ॅनालायझर आणि अख्खी दुपार लागली.

मित्रांनो, लॅबमध्ये आपण रोज हेच करतो. रीडिंग चुकलं की कारण शोधायचं सोडून सीनियरच्या जर्नलमधलं ‘बरोबर’ रीडिंग उतरवतो. आकडा सुधारतो, बिघाड तसाच राहतो. दोष फक्त आपला नाही. चुकीच्या रीडिंगला मार्क कोण देतं?

म्हणून सरांना एक विनंती. वर्षातून एक तरी प्रॅक्टिकल मुद्दाम बिघडवलेल्या किटवर घ्या आणि मार्क उत्तराला नाही, शोधण्याला द्या. 2001 च्या भूज भूकंपात फोन ठप्प झाले, तेव्हा हॅम ऑपरेटर्सनी निरोप पोचवले होते. तशा वेळी मीटर 16 दाखवतोय आणि रिपीटर बहिरा आहे, हे कुणाला परवडेल?