गायिकेचं काय काम?



ड्रम अँड बेस या वेगवान नृत्यसंगीताच्या धडधडाटात गायिका केवळ शोभेपुरती, हे गेल्या अंकातल्या पत्रातलं मत मला मुळीच पटलं नाही. मिनिटाला 160 ते 180 ठोके पडतात हे खरं. पण खालचा बेस बहुधा निम्म्या चालीने जातो आणि गायिका त्याच संथ चालीवर सूर लांबवते. याच शैलीतला संगीतकार गोल्डी याच्या 1994च्या ‘इनर सिटी लाइफ’मधला डायान शार्लमेन यांचा आवाज काढून पाहा, उरतं काय? इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला जन्मलेली निया आर्काइव्ह्ज तर स्वतः गाते आणि ठेकाही स्वतःच रचते. नृत्यसंगीताला वेगळा पुरस्कार हवा, असं खुलं पत्र तिने ‘मोबो’ या ब्रिटिश संगीत पुरस्कारांच्या आयोजकांना लिहिलं. 2022 साली तो तिलाच मिळाला. 2024 मध्ये तिचा अल्बम मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचला. आमच्या बीदरकडच्या गाणाऱ्या पोरींना हे ऐकू द्या.

— एक वाचक, भालकी (जि. बीदर)