सिगारेटच्या पाकिटातील कार्ड : मागची बाजूही वाचा

१/ एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी सिगारेट-कार्डांची चर्चा बहुधा त्यांच्या देखण्या चित्रांपाशीच थांबते. माझ्या मते इतिहासाच्या अभ्यासकाने कार्ड उलटून पाहिले पाहिजे. खरी जाहिरात मागे आहे.

२/ त्या काळी सिगारेटचे पाकीट मऊ कागदाचे असे. आतील सिगारेटी चेपू नयेत म्हणून त्यात पुठ्ठ्याचा कडक तुकडा घालत. व्हर्जिनियातील रिचमंडच्या ‘ॲलन अँड जिंटर’ कंपनीने या तुकड्यांवर चित्रांच्या मालिका छापल्या.

३/ ही चित्रे रंगीत शिलामुद्रणाची. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड आणि प्रत्येक ठसा आधीच्या ठशावर अचूक बसवायचा. जेमतेम पावणेतीन इंच उंच, दीड इंच रुंद जागेत साधलेले हे कसब कलेच्या इतिहासात मोजले जावे, याविषयी दुमत नाही.

४/ आता १८८७ ची ‘वर्ल्ड्स चॅम्पियन्स’ ही मालिका पाहा. बेसबॉलपटू, मुष्टियोद्धे, मल्ल, नेमबाज ॲनी ओकली अशी एकूण ५० कार्डे. मागे त्या सर्वांची यादी. यादी वाचताच आपल्याजवळ काय नाही, ते कळते. पाकिटात कोणते कार्ड निघेल, ते मात्र पाकीट फोडल्यावरच. म्हणजे सिगारेटी संपण्यापूर्वीच पुढचे पाकीट घेण्याचे कारण तयार! चित्र मोह घालते, यादी उणीव निर्माण करते.

५/ १८८८ मध्ये याच कंपनीने ५०-५० कार्डांच्या दोन मालिका काढल्या : एक अमेरिकेतील पक्ष्यांची, दुसरी मूलनिवासी जमातींच्या प्रमुखांची. दुसरीत सिटिंग बुल आहे. तेव्हा तो हयात होता, सरकारने नेमून दिलेल्या राखीव प्रदेशात राहत होता. डिसेंबर १८९० मध्ये अटकेच्या वेळी पोलिसांच्या गोळीने तो मेला. ज्यांच्या जमिनी हिरावल्या जात होत्या, त्यांचे चेहरे त्याच वेळी खिशात मावणारा संग्रह झाले होते, पक्ष्यांइतक्याच संख्येने.

६/ ‘जुन्या काळाला आजची नीती लावू नका’, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण येथे निवाडा करायचा नसून वाचन पूर्ण करायचे आहे. ती यादी आपण जोडलेली नाही, कंपनीनेच छापली आहे.

७/ जेफरसन बर्डिक या संग्राहकाने अशा छापील वस्तूंचा ३,००,००० हून मोठा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला, म्हणून हे साहित्य टिकले. ते पुढे पोहोचवताना आपण निम्मेच देऊ नये. कार्डाचे छायाचित्र टाकाल, तेव्हा दोन्ही बाजू टाका.