पऱ्हाटीपासून वीज होईल, पण रात्रीच्या ओलिताला पुरेल का?

कापसाची उलंगवाडी झाली की यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या शिवारात पऱ्हाटीचे ढीग दिसू लागतात. थोडी चुलीला जाते, थोडी कुंपणाला, उरलेली धुऱ्यावर पेटवली जाते. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत काढा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मग जाळायचीच आहे तर बॉयलरमध्ये जाळा आणि वीज करा, ही मागणी अधूनमधून होते. आता तिला जोर आलाय तो सोलरमुळे. सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधून दिवसा पंप चालतील, हे बरंच झालं. पण दिवस मावळल्यावर काय?

मागणी चुकीची नाही, हिशेब मात्र कोणी मांडत नाही. बायोमासवर एक युनिट वीज करायला साधारण सव्वा ते दीड किलो इंधन लागतं. म्हणजे 10 मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालवायचा तर रोज 300 टनांच्या वर माल हवा. सुटी पऱ्हाटी ट्रॉलीत जेमतेम एक-दीड टन बसते. रोजच्या 200 ट्रॉल्या झाल्या! वर्षाचे धरा 90 हजार टन. एकरी टनभर पऱ्हाटी धरली तरी लाखभर एकराचा कापूस लागतो. आणि हा माल येतो दोन-तीन महिन्यांत, साठवायचा वर्षभर, तोही पावसापासून झाकून. राज्यात बायोमासचे काही प्रकल्प अडचणीत आले ते इथेच. प्रकल्प उभा राहिला की इंधनाचा भाव चढतो, विजेचा दर मात्र करारात बांधलेला.

दुसरी गोष्ट, बॉयलर म्हणजे जनरेटर नव्हे. थंड बॉयलर तापून टर्बाइन फिरायला काही तास जातात. लाइन गेली की लगेच सुरू, असं होत नाही. तो सलग चालवावा लागतो, म्हणजे दुपारी सोलरची स्वस्त वीज असतानाही. सोलर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतं, बायोमास त्याच्या दुप्पट किंवा जास्त. अचानक गेलेल्या लाइनसाठी बॅटरी बरी. महावितरणनेही साठवणुकीच्या निविदा काढल्यात.

मग बायोमास टाकाऊ का? तसं नाही. तुलना सोलरशी न करता डिझेलशी करून बघा. लिटरला तीन-साडेतीन युनिट, म्हणजे नुसत्या इंधनाचेच युनिटला पंचवीस-तीस रुपये. दालमिल, जिनिंग अशा ठिकाणी तुराट्या, पऱ्हाटी जवळच मिळते. तिथे छोटा गॅसिफायर परवडू शकतो, फक्त चालवणारा माणूस जाणकार हवा. गॅसमधला डांबरासारखा चिकटा साफ झाला नाही तर इंजिन बसलंच समजा.

पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना हे जमलं, कारण उसाबरोबर बगॅस गेटवर आपोआप येतं. टनभर उसामागे पाव टनाहून जास्त. वेगळी वाहतूक नाही. पण गाळप थांबलं की तेही संपतं, आणि ऐन उन्हाळ्यात मागणी वाढते तेव्हा बहुतेक टर्बाइन बंद असतात.

तिसरा रस्ता सध्या जास्त जवळचा वाटतो. कोळशाच्या वीज केंद्रांनी 5 टक्के बायोमास पेलेट जाळावेत, असं केंद्राचं धोरण आहे. विदर्भात चंद्रपूर, कोराडी अशी मोठी केंद्रं हाकेच्या अंतरावर. नवा बॉयलर लागत नाही, रात्रीही वीज मिळते. पेलेटचा कारखाना मात्र तालुक्यात हवा, नाहीतर नफा दलालाच्या खिशात.

सगळी पऱ्हाटी विकून टाकू नका, हेही सांगायला हवं. बारीक करून रोटाव्हेटर मारला तर ती जमिनीला सेंद्रिय कर्ब देते, आणि आपल्या जमिनीत तो आधीच कमी आहे.

तुमच्या ग्रामसभेत असा प्रस्ताव आला तर मेगावॅटचे आकडे नंतर ऐका. पऱ्हाटी धुऱ्यावरून क्विंटलला काय भावाने उचलणार, काढणीची मजुरी कोणाची, आणि हा भाव किती वर्षं लेखी देणार, एवढं आधी विचारा.